देवापुढचा नट

नागपूर नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं, सौंसर सीमेपल्याड राहिलं होतं, तरी फटफटीचं काही लागलं की सौंसरच्या रवींद्रची धाव तिकडंच. तिथून त्यानं मागच्या चाकाची साखळी ताणून धरणारे नवे अ‍ॅडजस्टर आणले. त्याच्या आईनं, देवकाबाईंनी, रीतीप्रमाणे ते नट-स्क्रूसकट देवापुढं ठेवून हळदकुंकू वाहिलं. सकाळी नव्या सुनेनं, नलिनीनं, ते उचलून नवऱ्याच्या हाती दिले. घाईघाईनं बसवून तो जवळच्या रामाकोना गावाला गेलासुद्धा.

संध्याकाळी दिवा लावताना देवकाबाईंचा हात थबकला. अक्षतांमध्ये एक नट पडला होता.

"अवं माय! चाक निखळलं म्हंजे?"

जामसांवलीच्या मारुतीला नारळ बोलून त्या उंबरठ्यात बसल्या. अंधार पडला, तरी फटफटीचा आवाज काही येईना.

आवाज आलाच नाही. रवींद्र आला तो गाडी ढकलत, कोपर सोलून.

"एक नट कमीच होता आई. तार गुंडाळून गेलो, तं उतारावर साखळी उतरली. वाचलो बाप्पा!"

पोर धड दिसलं आणि देवकाबाईंचं सगळं भय सुनेवर उलटलं. "डोळे फुटले होते काय उचलताना? एवढा नट दिसला नाही?"

नलिनी भिंतीला टेकली.

"दिसला होता, आत्याबाई... पण देवापुढचं सगळंच उचलू नये, एक तरी मागं ठेवावं, हे तुम्हीच तर रोज सांगून राहिल्या नं!"