डावं चाक

"गाडी उचलून मोठे टायर टाकले की घासणारच, ताई. पण दोन्हीकडं घासायला पाहिजे. तुमचं डावंच घासतंय, तेही उजवीकडं वळतानाच."

पिकअप तिसऱ्यांदा माझ्या गॅरेजात आली होती. पहिल्या खेपेला मी डाव्या चाकाजवळचं प्लास्टिक कापलं. दुसऱ्या खेपेला डाव्या-उजव्या स्प्रिंगांची अदलाबदल केली. काही फरक नाही. आज वैतागून टेप घेतला. रिकाम्या गाडीची उंची दोन्हीकडं सारखी भरली. मग ताईंना स्टिअरिंगवर बसवलं. ताई बसल्या उजवीकडं आणि डावी बाजू इंचभर खाली गेली. मी तीनदा मोजलं.

"शेजारी कोण बसायचं?" मी विचारलं.

"दादा. डोंगरातल्या स्पर्धांना मी चालवायचे, तो रस्ता सांगायचा." ताई शेजारच्या रिकाम्या सीटकडं बघत नव्हत्या. "शेवटच्या वळणावर तो डावीकडं घे म्हणाला. मी उजवीकडं घेतली. हीच गाडी त्याच्या बाजूवर कलंडली. मी वाचले."

टेप गुंडाळत मी म्हणालो, "डाव्या स्प्रिंगखाली जाड चकती टाकतो. घासायचं बंद होईल."

"नको, मिस्त्री." त्यांनी हात लांब करून शेजारच्या सीटचा पट्टा लावला.

ताईंचं गाव माझ्या फाटकापासून उजवीकडं. त्यांनी गाडी तिकडंच वळवली. चाक करकरलं. गाडी थांबली, थोडी मागं आली आणि डावीकडं निघून गेली.