प्रेताचं पोट

आरडाओरडा सुरू झाला तेव्हा मयतराव मेलेले होते, म्हणून त्यांनी डोळे उघडले नाहीत. उलट त्यांना जरा बरंच वाटलं. तिसऱ्या अंकातलं रडणं आज पहिल्यांदाच रडण्यासारखं होत होतं. एरवी राणी नाक शिंकरल्यासारखी रडायची. आज ती चक्क किंचाळली. प्रधान "बापरे!" म्हणाला. हे नाटकात लिहिलेलं नव्हतं, पण असायला हरकत नव्हती. मग पळापळीचा आवाज आला. दरबार एवढ्या जोशात कधी पांगला नव्हता.

खऱ्या नावानं त्यांना नाटक कंपनीत कोणी ओळखत नसे. पहिल्या अंकाच्या शेवटी ज्याचा खून होतो तो राजा ते करत आणि पुढचे दोन अंक रंगमंचाच्या मधोमध, चौथऱ्यावर, पडून राहत. आजूबाजूला वारस गादीसाठी भांडत. नियम एकच: पडदा पडेपर्यंत प्रेत उठत नाही. एकदा पडद्याची झालर पेटली, तेव्हाही मयतराव उठले नव्हते. सासऱ्यांना कोणी विचारलं, "जावई काय करतात?" तर ते जमिनीकडे बघून सांगत, "मरतात."

एवढ्या निष्ठेत खोट काढणारं माणूस एकच, बायको. ती प्रत्येक प्रयोगाला, रंगीत तालमीलासुद्धा, पहिल्या रांगेत बसे आणि घरी जाताना एकच वाक्य बोले, "पोट हललं."

"अगं, श्वास तर घ्यायला हवा ना?"

"मेलेली माणसं घेत नाहीत."

टाळ्या पडोत नाही तर दगड पडोत, तिचा निकाल ठरलेला. आणि काल दिग्दर्शकांनीही तेच काढलं होतं. "राग मानू नका मयतराव, पण उद्याची रंगीत तालीम बघतो. पोट हललं तर पुढच्या प्रयोगाला तिथं कापसाचा पुतळा ठेवू." सगळी हयात मरण्यात घालवली आणि स्पर्धेला उभं कोण, तर उशी! म्हणून आज मयतराव जिद्दीनं मेले होते.

तेवढ्यात गालावर गरम श्वास आला. राणीचा नव्हता, तिला अत्तराचा सोस. या श्वासाला ओल्या घोंगडीचा आणि सडक्या फळांचा वास होता. मग मानेवरून एक खरखरीत जीभ फिरली, बरोबर खुनाच्या जागी.

मयतरावांनी पापणी केसभर उघडली. काळे केस, आणि त्यातून बाहेर आलेली नखं.

अस्वल!

सगळा प्रकार त्यांच्या ध्यानात आला. रक्त म्हणून रोज रंगीत पाणी लावत. आज मेकअपवाल्यानं हौसेनं रंगात मध कालवला होता, दाट दिसावं म्हणून. सेट आत आणायचं मागचं दार सताड उघडं होतं आणि दारामागे डोंगर होता. पाहुणा वासानं आला होता.

"मयतराव, ठोसा मारा! नाकावर हाणा!" वरून आवाज आला. नाटकात नुसत्या हातांनी सिंह फाडणारा सेनापती दिव्यांच्या शिडीवर अगदी शेवटच्या पायरीला पोचला होता. लाकडी तलवारसुद्धा सोबत घेऊन गेला होता.

पळावं, तर अस्वल त्यांच्यापेक्षा जोरात पळणार. मारावं, तर मयतरावांनी आयुष्यात माशी मारली नव्हती. उलट नाकावर बसलेल्या माश्या अंकच्या अंक सहन केल्या होत्या. त्यांना येत होतं ते एकच. मेलेल्याला अस्वल हात लावत नाही, असं त्यांनी लहानपणी ऐकलं होतं. ते अस्वलानंही ऐकलेलं असावं, एवढीच आशा.

मयतराव नव्यानं मेले.

अस्वलानं मान चाटली, कान चाटला. गुदगुल्या टाळूपर्यंत गेल्या. प्रेत हसलं नाही. पंजानं राजवस्त्र टरकावलं. प्रेत कण्हलं नाही. अस्वलानं त्यांना उलटं केलं, सुलटं केलं. ते पोत्यासारखे उलटले, पोत्यासारखे सुलटले. शेवटी अस्वलानं थेट पोटावर नाक टेकवलं आणि वाट बघत थांबलं. म्हणजे हेही टीकाकारच निघालं! मयतरावांनी श्वास आत कुठेतरी, पूर्वजांच्या जवळपास, नेऊन ठेवला.

अस्वल फुरफुरलं, वळलं आणि आलं त्या वाटेनं गेलं. कोणीतरी धाडकन दार लावलं.

"मयतराव, उठा! गेलं ते!"

मयतरावांनी ऐकलं. पण पडदा पडला नव्हता, आणि पहिल्या रांगेनं अजून तोंड उघडलं नव्हतं.

"मयतराव?" दिग्दर्शकांचा आवाज घोगरा झाला. "मी पुतळ्याचं नाव काढायला नको होतं हो." शिडीवरून उतरलेला सेनापती हुंदके देऊ लागला. इतकं चांगलं काम त्यानं आजवर केलं नव्हतं.

"सोडा मला!" इतका वेळ दोघांनी धरून ठेवलेली बायको हिसडा देऊन रंगमंचावर आली. चौथऱ्याशी तिनं गुडघे टेकले. तिची नजर कुठं खिळली असेल, हे मयतरावांना मिटल्या डोळ्यांनी कळलं. श्वास संपत आला होता. त्यांनी आणखी थोडा धरला.

"अहो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मधेच फुटला, "हलवा ना पोट! एकदाच हलवा हो!"

एवढा मोठा वन्स मोअर त्या नाट्यगृहात कुणालाच मिळाला नव्हता. मयतरावांनी तो शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकून घेतला. मग, थोर नटाला शोभेल अशा दिलदारपणानं, प्रेतानं पोट हलवलं.