सगळ्यात आधी उठणारा

जगदीशची बायको प्रेमा हिने मेन स्विच खाली पाडला आणि त्याचा कम्प्युटर कामाच्या मध्येच मेला.

तिची काही चूक नव्हती. बल्बचा उजेड एकदम भसकन वाढला, शेजारच्या विठूने "मेन पाडा रे" अशी हाळी दिली, आणि व्होल्टेज वाढलं की अख्खं गाव जे करतं तेच तिने केलं. फ्रीज जळला असता तर, असं तिने विचारलं. तिचं बरोबर होतं, म्हणून जगदीशला जास्तच राग आला.

आटगावच्या त्या खोलीत तो टायपिंग शिकवायचा, आणि चालता कम्प्युटर हा एवढाच. बटण दाबून चहा केला, प्यायला, कप विसळला, तरी हा जागा व्हायचा नाही. त्यावरच्या लिनक्स सिस्टिममध्ये सगळ्यात आधी एक प्रोग्राम उठतो आणि पडदा, कीबोर्ड, माउस, सगळ्यांना तोच उठवतो. तोच सुस्त आहे, काढून दुसरा चपळ बसवू, असं जगदीशने आज ठरवलं. उद्या सकाळी मुरबाडला त्याच्याकडे शिकणाऱ्या दिपिकाची टायपिंगची परीक्षा, आज ती शेवटच्या सरावाला येणार, हे माहीत असून ठरवलं. हात शिवशिवायला लागले की हा माणूस कुणाचं ऐकत नाही.

मेन पडला तेव्हा जुना निघाला होता. नवा अर्धाच बसला होता.

लाइट ठीक झाल्यावर त्याने बटण दाबलं. पासवर्डची चौकट झटक्यात आली, इतकी की तो खूश झाला. मग कळ दाबली, तर काही उमटेना. माउस हलवला, बाण हलेना. वायरी काढून घातल्या, दुसरा कीबोर्ड लावला, टेबलावर बुक्की मारली. दुरुस्तीला दुसरा कम्प्युटर हवा होता, आणि रविवार असल्यामुळे शहापूरचं दुकान बंद.

दिपिका पाड्यावरून चालत आली. जगदीशने तिला व्होल्टेज सांगितलं, बायकोने मेन पाडल्याचं सांगितलं, नवा प्रोग्राम किती चांगला तेही सांगितलं. सगळं ऐकून होईपर्यंत ती उभी होती. तिचे डोळे भरले होते आणि रागही आला होता.

"उशिरा उठायचा, पन उठायचा ना सर?"

ती स्टुलावर बसली, सरावाचं पुस्तक उघडून तिने त्याच्या हातात दिलं.

"तुमी वाचा."

तो वाचू लागला. तिची बोटं मेलेल्या कळांवर भराभर धावू लागली. समोर पासवर्डची चौकट तशीच रिकामी. दुसऱ्या ओळीच्या मध्येच ती थांबली.

"चुकलं," ती म्हणाली, बॅकस्पेस दाबलं, आणि पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली.