कुसगावचा कौल

माणसाच्या जिवाचा निर्णय एकट्यानं घेऊ नये, असं कुसगावात मानतात. म्हणून कोंडाजींच्या जिवाचा निर्णय अकरा जण आणि एक देव मिळून घेत होते.

हॉस्पिटल महामार्गालगतचं. डॉक्टर अनघा यांनी आल्या आल्या सांगितलं होतं: पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगून फुटली आहे. एक तर पोट उघडून तिथं कृत्रिम नळी शिवायची, नाहीतर जांघेत छोटा छेद घेऊन तिथून जाळीची नळी आत सरकवायची. वाचण्याची शक्यता दोन्हीकडं साधारण सारखीच. उशीर मात्र दोन्हीत चालत नाही.

हे शेवटचं कुणी मनावर घेतलं नाही, कारण त्यात निवडायला काही नव्हतं.

मुलगा सत्यम इंजिनिअर. त्यानं मोबाइलवर दोन्ही पद्धतींची तुलना करणारा इंग्रजी लेख काढला आणि कॉरिडॉरमध्ये उभ्या भावकीला समजावायला घेतला. जांघेत टाके कमी, म्हणून बहुमत तिकडं झुकलं. मग कुणीतरी विचारलं, एवढ्याशा भोकातून एवढा मोठा रोग निघंल कसा. बहुमत परत आलं.

तोवर धाकटे भाऊ सोपान यांनी गावातल्या गुरवाला व्हिडिओ कॉल लावला होता. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवीकडचं आधी पडलं तर पोट, डावीकडचं पडलं तर जांघ. फुलं हलेनात. गुरवानं गाभाऱ्यातला पंखा बंद केला होता. देवावर दबाव नको म्हणून.

डॉक्टर संमतीचा कागद घेऊन तिसऱ्यांदा बाहेर आल्या. कोंडाजींची बायको नंदाबाई बाकावरून उठली.

“देवाला इचारलं, मोबाइलला इचारलं. त्यास्नी कुणी इचारलं का? शुद्धीवर हाईत अजून.”

“वैनी, आजारी माणसाला काय कळतंय त्यातलं?” सोपान म्हणाले.

गेली तीस वर्षं गावातली बांधाची भांडणं कोंडाजीच मिटवत आले होते. त्यात सोपानचीही दोन.

पेशंट शुद्धीवर असेल तर सही त्याचीच घ्यायची, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. मागच्या वर्षी नातेवाइकांनी हॉस्पिटलच्या काचा फोडल्या होत्या, तेही ठाऊक होतं. त्यांनी एकदा काचांकडं पाहिलं आणि कागद घेऊन आत गेल्या. नंदाबाई मागोमाग.

कोंडाजींनी दोन्ही पद्धती पुऱ्या ऐकून घेतल्या नाहीत.

“कुटनं बी कापा,” ते म्हणाले, “पर लवकर कापा.”

सही नीट आली. स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत पोचलं. आत न्यायची गरज उरली नाही.

सोपानच्या हातातला कॉल अजून चालूच होता. फूल बारा वाजून दहा मिनिटांनी पडलं. उजवीकडचं.