शेजारचं विरजण

वाटी हातात घेऊन शालनताई केव्हाच्या दारात उभ्या होत्या, पण दार काही उघडत नव्हतं.

"समोरच्या बाई बाहेर आहेत. त्या गेल्या की उघडते," दार गोड आवाजात म्हणालं. या भांडणमुक्त वसाहतीत लिफ्ट काय, दारं काय, शेजाऱ्याला शेजारी दिसूच देत नसत.

"अगं, त्यांच्याकडेच विरजण मागायचंय!"

"तयार दही मागवू?"

"तुझं दही घाल चुलीत!" शालनताईंनी पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि कुलपावर हाणला. दुसऱ्या घावाला दार मुकाट उघडलं.

समोरच्या बाई भिंतीला चिकटून उभ्या होत्या.

"विरजण आहे का हो?"

"आहे की." बाई सावरल्या आणि लगेच कडाडल्या, "पण भल्या पहाटे मिक्सर तुम्हीच लावता ना? झोपेचं पार खोबरं होतं माझ्या!"

"वाद सुरू झाला आहे. आपापल्या घरी जा," छत म्हणालं.

"तू गप्प बस!" दोघी एकदमच ओरडल्या.

मग बाईंनी हात पुढे केला. "आणा तो वरवंटा इकडे. विरजण आत आहे, आणि तुम्ही इथे असेपर्यंत माझंही दार उघडायचं नाही."