वास येतोय का?

या, जरा जवळ सरका. देवानं नवस ऐकला की भाविक तरतोच असं नाही, त्याची एक छोटी गोष्ट सांगतो.

कॅनडात, अल्बर्टातल्या गॅस कारखान्याच्या रुळांवर ओरेस्ट टाकीच्या वॅगनवर उभा होता. वारा अगदी पडलेला. उघड्या झाकणातून वितळलेलं गंधक आत पडत होतं, रंगानं मधासारखं. थेंब उडाला तर कातडी सोलून नेईल असं. ते तसंच गरम रेल्वेनं दूर दक्षिणेला जायचं. तिथं त्याचं ॲसिड, ॲसिडाचं खत, आणि खत पुन्हा इथल्याच गव्हाला.

"ओरेस्ट, वास येतोय का?" खालून जुने कामगार डानिलोमामा ओरडले.

"येतोय, मामा!"

दर पाच मिनिटांनी मामांचा हाच प्रश्न. लोक त्यांना नाकमामा म्हणत. "अख्ख्या गावाला येतो, तुम्हालाच येत नाही होय?" असं कुणी चिडवलं की ते नुसते हसत.

वास नासक्या अंड्यांचा. ओरेस्टचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. "तीनदा आंघोळ करून ये, नाहीतर पाद्रीबाबांपुढं नाक दाबून उभी राहीन," होणाऱ्या बायकोनं, हाल्यानं बजावलं होतं. चर्चमध्ये भजन म्हणताना त्याच्या शेजारी एकटे डानिलोमामा उभे राहत. बाकीचे हातभर लांब. गेल्या रविवारी ओरेस्टनं संत निकोलसापुढं मेणबत्ती लावली होती. "बाबा, एवढा वास घालव. दुसरं काही मागत नाही."

टाकी किती भरली ते बघायला तो झाकणावर वाकला. आणि वास गेला. एकदम, दिवा विझावा तसा. ओरेस्टचे डोळे भरून आले. नवस पावला! त्यानं तिथंच स्तोत्र धरलं.

"वास येतोय का रे?"

"नाही, मामा! गेला! फुलासारखी हवा आहे!"

साठीचे मामा शिडी चढले ते माकडासारखे. "श्वास धर, गाढवा!" असं ओरडून त्यांनी स्वतःचाही श्वास कोंडला, त्याचा पट्टा धरला आणि ओढलं. दोघं धाडकन बर्फात पडले. तसंच फरफटत मामांनी त्याला लांब नेलं. ओरेस्ट ओकला.

"वास नाही जात, पोरा," मामा धापा टाकत म्हणाले. "गंधकातून सुटणारा हा विषारी वायू दाट झाला की आधी नाक जातं. मग माणूस."

"मला अजून काही कळत नाही, मामा. तुम्हाला येतोय का?"

"मला?" मामा हसले. "पंधरा वर्षं झाली. असाच झाकणावरून धाकट्या भावाला आणायला चढलो होतो. तो गेला, माझं नाकही गेलं. म्हणून तर तुम्हाला विचारतो, बाबांनो."

त्या रविवारी ओरेस्टनं दुसरी मेणबत्ती लावली. "बाबा, चुकलो. वास परत दे."

लग्नात हाल्यानं खरंच नाक दाबलं, तेव्हा रडला तो नवराच. आनंदानं, तो वास आता त्यालाही येत होता.

तुम्हीही कधी कशाला नाक मुरडाल, तेव्हा आधी हात जोडा, आणि आमच्या डानिलोमामांची आठवण काढा.