काचेपलीकडची मावशी

मावशी खुर्चीवर बसली, पर्समधून चष्मा काढून तिने नाकावर चढवला, तशी काचेच्या अलीकडे बसलेल्या भाच्याच्या टीमने एकमेकांना कोपराने ढोसलं. तिच्या बाजूने ती काच म्हणजे आरसाच होता. मावशीला त्यात फक्त मावशी दिसत होती. चाचणीला येणाऱ्या बाईंनी ऐनवेळी टांग दिली म्हणून त्यानेच तिला फोन केला होता. 'एक ॲप वापरून दाखव,' एवढंच सांगितलं होतं.

घरची माणसं कुठे आहेत ते दाखवणारं ॲप. मावशीला काम दिलं होतं त्याचं सदस्यत्व बंद करण्याचं. आणि ते तिला जमू नये, याची चोख व्यवस्था टीमने केली होती.

"चौथ्या स्क्रीनवर गाडी अडणारच," भाचा शेजारी बसलेल्या टीमच्या प्रमुखबाईंना म्हणाला.

चौथ्या स्क्रीनवरचं वाक्य त्याचं होतं. सकाळपासून भलेभले तिथून मागे फिरले होते. मावशीही फिरली, की उद्या ते सगळ्यांच्या फोनवर जाणार होतं आणि नवी टीम त्याच्या हाताखाली येणार होती. तो ऐटीत पाय ताणून बसला.

मावशीने पहिले तीन स्क्रीन माशी झटकावी तसे उडवले. चौथ्यावर भलंमोठं हिरवं बटण होतं, 'चालू ठेवा'. त्याखाली बारीक करडी अक्षरं. ती निवृत्त शिक्षिका. मोठ्याने वाचायची सवय काही सुटली नव्हती.

"बंद करा, मला माझ्या माणसांची काळजी नाही."

तिचं बोट हवेतच राहिलं.

"थांबली!" प्रमुखबाईंनी टेबलावर थाप मारली. "तुझी मावशी म्हणजे सोनं आहे रे!"

पण मावशीने हिरवं बटणही दाबलं नाही. फोन खाली ठेवला.

"हे मी दाबणार नाही," ती समोर बसून चाचणी घेणाऱ्या मुलीला म्हणाली. "साफ खोटं आहे हे. कोणी लिहिलंय?"

"ते आम्हाला सांगता येत नाही, मॅडम."

काचेच्या अलीकडे सगळे खो खो हसले. भाचाही हसायला गेला, पण त्याला ते जमेना. लाज वाटली त्याला, सरळ सरळ लाज. तो उठला.

"अरे, कुठे निघालास? चाचणी बाद होईल!" प्रमुखबाई म्हणाल्या.

तोवर तो दार उघडून पलीकडे गेलाही होता.

"मावशी, ते मी लिहिलंय."

ती रागावली नाही. चष्मा काढून तिने त्याला नीट पाहून घेतलं.

"मग तूच म्हण. माझ्याकडे बघून."

वाक्य त्याला तोंडपाठ होतं.

"बंद करा," तो म्हणाला. पुढचा शब्द काही केल्या तोंडातून फुटेना.

"बास," मावशी म्हणाली. "एवढंच लिही."